माश्या मोजणारीची आखाजी

माझं काम माश्या मोजण्याचं. हे ऐकून लोक आधी हसतात, मग मी चेष्टा करत नाहीये हे कळल्यावर "बरं बरं" म्हणत विषय बदलतात. माश्या डुकरांच्या शेडमधल्या, हे तर मी पहिल्या भेटीत कुणालाच सांगत नाही. आमच्या तापीकाठच्या शेतकरी घरांत जेवताना डुकराचं नावही काढत नाहीत, आणि प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेली मुलगी शाळेत नाही तर बँकेत चिकटते असा सगळ्यांचा पक्का समज. मायला मात्र मी नोकरी लागली त्याच दिवशी फोनवर खरं ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "डुक्करं ते डुक्करं. मानसंसपेक्षा बरा ऱ्हातस." तिच्यापुरता विषय तिथेच मिटला.

नवापूरकडे, चिंचपाड्याच्या पुढे, रेल्वेलाइन सोडून थोडं आत गेलं की आमचा फार्म लागतो. लांबलचक शेड, खाद्याचं गोदाम, कामगारांच्या खोल्या आणि सगळ्याभोवती तारेचं कुंपण. नवरा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये, मी इथे एका खोलीत. नंदुरबारकडे जाणारी गाडी कुठली आणि सुरतेकडची कुठली हे मला आता आवाजावरून कळतं. दोन्ही गाड्या माझ्या उशाशेजारून गेल्यासारख्या जातात आणि मी जागच्या जागी. याचा मला पूर्वी राग येत नसे. त्या वर्षी यायला लागला.

माश्या मोजायच्या म्हणजे उडत्या माश्या मोजायच्या नाहीत. तसं कुणी करायला गेलं तर त्याला वेडाच्या इस्पितळात न्यावं लागेल. शेडच्या दोन्ही दारांजवळ छताखालून आडवे पाइप गेलेत, त्यांवर माश्यांना टेकायला आवडतं. तिथे पोस्टकार्डाएवढी पांढरी कार्डं टांगायची. माशी येते, बसते, घाण करते, काळा ठिपका पडतो. आठवडा झाला की कार्ड काढायचं, उजेडात धरायचं आणि ठिपके मोजायचे. ठिपके ठरलेल्या मापाच्या वर गेले की फवारणी करायची, गटारं धुवायची, चुना टाकायचा. कार्डाची जागा मात्र कधी हलवायची नाही. जागा हलली की मागचा आकडा आणि पुढचा आकडा यांचं एकमेकांशी नातंच उरत नाही.

दुसरा नियम अंघोळीचा. शेडच्या आवारात शिरताना बाहेरचे कपडे उतरवून अंघोळ करायची, आतला निळा गणवेश घालायचा. निघताना पुन्हा अंघोळ. आणि एकदा बाहेर पडलेल्या माणसाने दुसऱ्या सकाळपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. मी दिवसपाळीची, त्यामुळे संध्याकाळी शेडमध्ये काय चालतं ते मी कधी पाहिलेलंच नव्हतं. संध्याकाळची पाळी एका मावशीकडे होती. ती धडगावच्या बाजूची, सातपुड्यातल्या पाड्यावरची. घरी ती आणि तिचा नवरा पावरीत, म्हणजे त्यांच्या डोंगरातल्या बोलीत बोलायचे, माझ्याशी ती अहिराणीत बोलायची, तीही तिच्या पद्धतीने.

होळीला फार्मवरची ही सगळी कामगार माणसं डोंगरात आपापल्या पाड्यावर जाऊन आली, आणि त्यानंतर लगेचच कुठेतरी डुकरांचा ताप आल्याची बातमी पसरली. हा ताप एका डुकराला झाला की अख्खा फार्म खड्ड्यात पुरावा लागतो. जनावरांच्या डॉक्टरांनी फार्मच्या शेठला सांगितलं, माणसाच्या चपलेतून जातो, गाडीच्या चाकातून जातो आणि माशीच्या पायांतूनही जाऊ शकतो. शेठ मुळात घाबरट. त्याने त्याच दिवशी गेटला साखळी घातली. खाद्याचा ट्रक बाहेर उभा राहणार, पोती आतली माणसं ओढून घेणार. कुणी बाहेर जायचं नाही, कुणी आत यायचं नाही.

"कवयलोंग?" कधीपर्यंत ते मी विचारलं.

"तुन्हाच हातमां शे बेन," शेठ कुंपणापलीकडून म्हणाला. "आकडा खाली आन. लागोपाठ दोन आठवडा खाली ऱ्हायना म्हंजे ग्याट उघडसू."

त्याला वाटलं त्याने मला मोठा मान दिला. पण त्याला माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. माझी माय एकेक करत सगळं विसरत चालली होती.

ती म्हसावदच्या अलीकडे एका गावात माझ्या भावाकडे राहते. वर्षभरापासून तिचं असं चाललं होतं. आधी चुलीवर दूध ठेवून विसरायची, मग आपण जेवलो की नाही ते विसरायची. मग तिने शेजारणींची नावं एकमेकींना देऊन टाकली. मी मात्र शाबूत होते. फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला, "कवय येशी?" गेट बंद झाल्यावर थोड्याच दिवसांत एकदा तिने फोन कानाला लावला आणि माझं सगळं बोलणं ऐकून घेऊन विचारलं, "कोन बोली ऱ्हायनं?"

भावाने फोन तिच्या हातातून घेतला. "फोनमां वळखत नही ती," तो म्हणाला. "समोर दिखनी का वळखस. काल मामाले बराबर वळखं. तू आखाजीले ये. आखाजी तिले अजून याद शे, रोज पुसस, पोर कवय येई. उशीर करू नको."

व्हिडिओ कॉलही करून पाहिला. ती माझ्याकडे टीव्हीवरच्या बाईकडे बघावं तशी बघत होती. मी हसले तर तीही हसली, पण ओळखीचं हसू ते नव्हतं. वहिनीने तिला "हाई कोन शे, सांगा बरं" असं लहान पोराला विचारतात तसं विचारलं, तेव्हा मी चिडून फोन बंद केला. वहिनीचा काही दोष नव्हता. पण मला त्या दिवसांत सगळ्यांचाच राग यायचा.

सासरी गेलेली पोर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते, हे आमच्याकडे ठरलेलंच. सून वर्षभर राबते, पण आखाजीला तिला अडवायची कुणाची छाती होत नाही. खापरावरचे मांडे, आमरस, झाडाला बांधलेले झोके, आणि माय लेकीला कामाला हात लावू देत नाही. माझ्या सासूनेही मला कधी अडवलं नव्हतं. अडवलं ते माश्यांनी.

मग मी माश्यांच्या मागे हात धुऊन लागले. गटारं दिवसातून दोनदा धुवून घेतली. डुकरं पाणी चोखतात त्या गळक्या निपल बदलून घेतल्या, कारण ओल राहिली की अळ्या होतात. खाद्याच्या हौदाखाली सांडलेला भुसा मी स्वतः खरवडून काढला. डुकरिणींच्या अंगावर चावऱ्या माश्या बसतात, त्यांच्यासाठी चिकट पट्ट्या लावल्या. काडी घेऊन कोपऱ्याकोपऱ्यातली घाण उकरली तर अळ्या खरोखरच कमी झालेल्या. मी खूश झाले. आठवडा संपल्यावर कार्डं काढली, आणि ठिपके वाढलेले.

मला वाटलं, असेल, जुन्या माश्या अजून मेल्या नसतील. पुढच्या आठवड्यात आणखी वाढले. गटारात अळी दिसायला मिळेना आणि कार्डं मात्र मोहरी सांडल्यासारखी काळी. हे कसं शक्य आहे तेच मला कळेना. मी भिंग बदललं, चष्मा पुसला, दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. कार्ड हातात धरून मी त्याला शिव्या दिल्यात, आणि त्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

शेठला आकडा सांगितला की तो कुंपणापलीकडून नुसती जीभ टाळूला लावून च् च् करायचा. त्या च् च्‌ने माझं डोकं सटकायचं. मग मी खोल्यांकडे परत येऊन जो समोर दिसेल त्याच्यावर ओरडायचे. बहुतेक वेळा समोर मावशी दिसायची. "वाढना आकडा! परत वाढना! आते मी काय आखाजीले जास!" असं मी तिच्यावर डाफरायचे, जणू माश्या तिने पाळल्या होत्या. ती डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि निघून जायची.

वहिनी फोनवर म्हणाली, "तूच मोजस ना? कमी सांगी टाक. कोन देखी ऱ्हायनं?"

तिचं म्हणणं काही चूक नव्हतं. माझ्याशिवाय तिथे ठिपके कुणाला मोजता येत होते? एक आकडा खाली सांगितला असता तर साखळी निघाली असती. मी तो सांगितला नाही, आणि त्यात मोठा खरेपणा होता असं कुणी समजू नये. मला भीती वाटली. ताप शिरला तर डुकरं जाणार आणि डुकरांबरोबर ही सगळी माणसं उसाच्या तोडीला नाही तर वीटभट्टीला जाणार, आणि ते माझ्या एका खोट्या आकड्याने. त्यात माझा हट्टही होता. माश्यांनी मला हरवलं तर हरवलं, पण हरले हे मी माझ्या तोंडाने सांगेन, एवढंच.

आखाजी जवळ आली तसं ऊन पेटलं. दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नसे. डुकरं तोंड वासून पडलेली, पंखे गरम हवा फिरवतायत, आणि अमोनियाने नाक असं बधिर झालेलं की खोलीवर भाजी करपली तरी मला कळत नसे. कुंपणाच्या कडेने मी संध्याकाळी चालायचे. एका टोकाला गेलं की तार, दुसऱ्या टोकाला गेलं की तार. पिंजऱ्यातल्या डुकरिणीला वळायलाही जागा नसते, ती नुसती उठते आणि बसते. मला तिची कीव यायची, आणि मग आपण कुणाची कीव करतोय असं वाटून स्वतःचंच हसू यायचं.

अशात एक दिवस वीज गेली आणि टाकीत पाणी चढेना. माझी पाळी संपली होती, पण अंघोळ केल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. म्हणजे आता फार्मात तर कोंडलेली होतेच, शेडमध्येही कोंडले गेले. चिडचिड करत मी दाराजवळच्या खाद्याच्या पोत्यावर बसून राहिले. मोबाइल बाहेर, पुस्तक बाहेर. वीज येईल तेव्हा येईल.

ऊन उतरलं आणि मावशी आली. तिने पहाटेच बादली भरून ठेवली असणार, तिचं नियोजन माझ्यापेक्षा नेहमीच चांगलं. पोत्यांच्या आडून तिला मी दिसले नाही. तिच्या हातात लोखंडी घमेलं होतं. ते तिने शेडच्या मधोमध, डुकरिणींच्या पिंजऱ्यांपाशी ठेवलं, त्यात तूस पेटवलं आणि वरून कडुनिंबाचा हिरवा पाला दाबून भरला. बघता बघता पांढरा दाट धूर उठला. ती पदराने वारा घालत तो धूर एकेका पिंजऱ्याकडे लोटत होती, आणि तोंडाने गुरांशी बोलतात तसं पावरीत काहीतरी बोलत होती.

आणि माश्या उठल्या. सगळ्या शेडमधल्या माश्या एकदम उठल्या आणि धुरापासून लांब पळत दारांकडे आल्या. माझ्या डोक्यावरून गेल्या. दारांजवळ हवा मोकळी होती, तिथले आडवे पाइप त्यांनी काळे केले. पाइप भरल्यावर उरलेल्या माश्या कार्डांवर बसल्या. माझ्या पांढऱ्या कार्डांवर.

मी उठून उभी राहिले. "मावशी! हाई काय करी ऱ्हायनी?"

ती दचकली. "ताई? तुम्ही आठे कशा?"

"पानी नही शे. हाऊ धूर कशाले?"

"तुमले मायकडे जानं शे ना," ती म्हणाली. "आमना तठे सांजले गुरंसना गोठामां असाच धूर करतस, माशी ऱ्हात नही. रोज करस मी. आकडा वाढना म्हनी तुम्ही वरडतस, मंग दुसरा दिन पाला जास्ती टाकस."

मी वर बोट दाखवलं. तिने वर पाहिलं. पाइपाकडे पाहिलं, कार्डांकडे पाहिलं. ती रोज संध्याकाळी हेच पाहत असणार, पण तिच्या लेखी माश्या डुकरांपासून लांब गेल्या म्हणजे काम झालं होतं. मी कार्डांवर काय मोजते हे मी तिला कधी समजावून सांगितलं नव्हतं आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं. मी ओरडले की तिने पाला वाढवायचा, पाला वाढला की माझे ठिपके वाढायचे, आणि ठिपके वाढले की मी आणखी ओरडायचे.

तिला कळायला वेळ लागला नाही. घमेलं पायाने बाजूला सारून ती म्हणाली, "मंग मीच तुमले कोंडी टाकं?"

ते घमेलं उचलून कुंपणाबाहेर भिरकावून द्यावं असं मला वाटलं. खरंच वाटलं. इतके आठवडे! मायचे इतके आठवडे गेले होते त्या धुरात. पण माझ्या मायसाठी रोज संध्याकाळी डोळे चोळत धूर करणारी दुसरी कुणी बाई जगात नव्हती, हेही तेवढंच खरं होतं. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि भोकाड पसरून रडले. ती माझ्या पाठीवर हात फिरवत होती आणि तिच्या हाताला कडुनिंबाचा आणि डुकरांचा वास येत होता. तो मला त्या दिवशी आला.

शेठला मी मावशीचं नाव सांगितलं नाही. शेडमधल्या धुराने माश्या कार्डांकडे येत होत्या, म्हणून मागचे आकडे चुकलेत, एवढंच म्हणाले. मला वेडी आशा होती, तो म्हणेल, मग जा. तो म्हणाला, "बरं व्हयनं सापडनं ते. आते नवा आकडा दखाड. आतेपासून दोन आठवडा."

मी हात जोडले, आवाज चढवला, मायचं सांगितलं. त्याचे डोळेही ओले झाले, पण साखळी निघाली नाही. उद्या रोग आला तर तू भरून देशी का, असं त्याने विचारलं.

आखाजीच्या दिवशी मावशीने तिच्या खोलीवर मला जेवायला बोलावलं. मांडे तिला येत नाहीत, तिने ज्वारीच्या भाकरी आणि आंब्याचा रस केला. मी जेवले, तिला बरं वाटावं म्हणून दोनदा रस मागून घेतला. दुपारी भावाचा फोन आला, तो मी उचलला नाही. माय दारात खाट टाकून बसली असणार, हे मला फोन न उचलताही दिसत होतं.

धूर थांबल्यावर कार्डं पांढरी राहिली. पहिल्या आठवड्यात पांढरी, दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ कोरी. शेठने स्वतः साखळी काढली. मी मिळेल त्या गाडीने नंदुरबार गाठलं, तिथून शहाद्याची बस. प्रकाशाच्या पुलावर तापी दिसली तेव्हा मी ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभीच होते; बसायला जागा होती, पण बसवत नव्हतं.

माय ओट्यावर बसली होती. लुगडं स्वच्छ, केस विंचरलेले. वाळली होती. मी पिशवी खाली ठेवून तिच्या समोर उभी राहिले, दिसेल अशी, उजेडात. भाऊ म्हणाला होता, समोर दिसली की ओळखते.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बाजूला सरकून जागा केली. "ये बाई, बठ," ती म्हणाली. "उन्हामांथून उनी. ओ, पानी आना तिले."

माझ्या मायने मला आयुष्यात कधी बस म्हटलेलं नव्हतं, कधी पाणी मागवलेलं नव्हतं. मी घरात शिरून माठाला तोंड लावणारी पोर. मी बसले. वहिनीने पेला आणला, माझ्याकडे न बघता दिला आणि आत गेली.

"कोठली शे तू?" मायने विचारलं.

"नवापूरकडली," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

तिचा चेहरा एकदम उजळला. तिने माझा हात धरला. "तठे मन्ही पोर शे! डुक्करंसमां नोकरी करस. भलती हुशार शे, पन तापट शे जरा. आखाजीले उनी नही वं या साले. ग्याट बंद शे म्हने. तू परत तठेच जाशी का?"

"जासू."

"मंग तिले मन्हा एक निरोप सांगजो," ती म्हणाली आणि माझ्या जवळ सरकून, घरातल्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात बोलायला लागली. "म्हना, तुन्ही माय वाट देखी ऱ्हायनी. लवकर ये म्हना. माले आजकाल भूल पडस. सगळा चेहरा मिटी ऱ्हायनात. तिना चेहरा अजून याद शे, तवलोंग ये म्हना."

मी मान हलवली.

तिचं त्याने समाधान झालं नाही. निरोप घेऊन जाणाऱ्यांवर तिचा कधीच विश्वास नसे. "काय सांगशी? बोली दखाड," ती म्हणाली.

मी तिचा हात धरून एकेक वाक्य म्हणून दाखवलं. माय वाट देखी ऱ्हायनी. लवकर ये. तिले भूल पडस. शेवटचं वाक्य माझ्याकडून राहिलं, ते तिने भरून दिलं आणि पुन्हा म्हणायला लावलं.

"हां," ती म्हणाली. "अस्संच सांगजो. इसरू नको बरं."